पुण्याला, हात बांधून उभं राहायला

वर्ध्याची माणसं पुण्याला शिकायला जातात, नोकरीला जातात, नातवंडं सांभाळायला जातात. मी गेले हात बांधून उभं राहायला. रजेच्या अर्जात कारण म्हणून 'कौटुंबिक काम' लिहिलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

ज्यांनी 'सांडगे' हा बँड ऐकलेला नाही, त्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी पुण्यात एम.एस्सी. करत होते आणि माझा धाकटा भाऊ राहुल नुकताच इंजिनिअरिंगला आला होता, तेव्हाची गोष्ट. कसबा पेठेतल्या एका गच्चीवर तिघं जण सराव करायचे. गाणारी मीनल, एक गिटारवाला आणि एक पेटीवाला. गच्चीवर मालकीणबाईंचे सांडगे वाळत असायचे आणि ते तुडवायचे नाहीत एवढीच त्यांची अट होती, म्हणून बँडचं नाव सांडगे. ताल धरायला त्यांच्याकडे कोणीच नव्हतं. आम्ही पाहिलेल्या पहिल्या कार्यक्रमात मीनल म्हणाली, "आमच्याकडे तबलजी नाही, ढोलकीवाला नाही. तुम्हीच व्हा." आणि तिने आम्हाला टाळ्या शिकवल्या. दोन टाळ्या, मग तिचा श्वास घेऊन होईपर्यंत थांबायचं, मग एक. 'पत्रा तापला' हे त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं त्या तिसऱ्या टाळीवर उभं होतं.

राहुलला ती तिसरी टाळी कधी जमली नाही. तिचा श्वास संपायच्या आत हा वाजवून मोकळा. मग मी शेजारी उभी राहून त्याचं मनगट धरून ठेवायची आणि वेळ आली की सोडायची. पुढे मी वर्ध्याला शाळेत लागले, तो पुण्यातच नोकरीला राहिला, त्याला दाढीमिशा आल्या, पण सांडगेचा कार्यक्रम असला की मी पुण्याला यायची आणि त्याचं मनगट धरायची.

मग नवा अल्बम आला. पेटी गेली, गिटार कुठेतरी तळाशी गेली, लॅपटॉप आला. 'पत्रा तापला' त्यांनी नव्याने केलं आणि आमच्या टाळ्यांच्या जागी यंत्राचा ठोका बसवला. आम्हा चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण पेटलं. जुने एका बाजूला, नवे एका बाजूला. मी जुन्यांत, राहुल नव्यांत. एका रात्री त्याने लिहिलं, "काही लोकांना गाणं नको असतं, स्वतःचं कॉलेज परत हवं असतं." हे कोणासाठी आहे ते सगळ्या ग्रुपला कळलं. मग तो ग्रुप सोडून गेला आणि त्याने दुसरा काढला. आम्ही बोलणं बंद केलं.

दर वर्षी आम्ही दोघं आईला घेऊन ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जातो. बाबा असताना चौघं जायचो. यंदा राहुल आला नाही, सुटी मिळाली नाही म्हणाला. गर्दीत आई माझा हात धरून चालली होती आणि दुसरा हात तिने उगीचच मोकळा ठेवला होता, ते मला बघवलं नाही. तेव्हाच मी ठरवलं की पुण्याला जायचं आणि त्याला आपल्या बाजूला आणायचंच. माझं म्हणणं बरोबर आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

स्वारगेट

आमची बस नगर रस्त्याने पुण्यात शिरते, म्हणजे येरवडा आधी लागतं. राहुल तिथेच राहतो. क्लीनर "येरवडा, येरवडा" ओरडत माझ्या सीटपाशी येऊन थांबला, कारण चढतानाच मी त्याला येरवड्याला जायचंय असं सांगून ठेवलं होतं. मी खिडकीतून तुरुंगाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पाटीकडे पाहिलं आणि म्हटलं, "स्वारगेट." तो म्हणाला, "मॅडम, नक्की ठरवा." मी ठरवलेलंच होतं. आधी आपली माणसं, मग भाऊ.

आपली माणसं म्हणजे आपटे काका. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. सांडगेच्या कार्यक्रमाला पोरंसोरं नाचत असायची आणि हे गृहस्थ पहिल्या रांगेत ताठ उभे राहून तिसरी टाळी अशी अचूक मारायचे की मीनल त्यांच्याकडे बघून पुढची ओळ उचलायची. जुन्यांचा सगळा कारभार आता त्यांच्या हातात होता. स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या एका हॉटेलात ते माझी वाट बघत बसले होते.

"वेळेवर आलात. तुमच्याकडची माणसं उशिरा येतात असं ऐकून होतो."

"कोणाकडून?"

"नागपूरच्यांकडून," ते म्हणाले आणि पोह्यांची ऑर्डर दिली.

पोहे आले. वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड, आणि बस. आमच्याकडे पोह्यावर तर्री ओतली नाही तर माणूस आजारी आहे का विचारतात. मी वेटरला तर्री आहे का असं विचारलं, तर तो म्हणाला, "मिसळीत असते. मिसळ घ्या." म्हणजे मागितलेलं मिळणार नाही, पण काय मागायला हवं होतं ते कळणार. मी मुकाट्याने गोडसर पोहे खाल्ले.

काकांनी मला उद्याची योजना समजावली. कार्यक्रमात आपण सगळे डावीकडे एकत्र उभे राहायचं. नव्या चालीचं 'पत्रा तापला' सुरू झालं की हात बांधायचे. ओरडायचं नाही, बाहेर जायचं नाही, फोन काढायचा नाही. "आणि खोकायचंही नाही," ते म्हणाले. "खोकल्याचा अर्थ कोणीही काहीही लावतो."

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. कप बाजूला सारून म्हणाले, "सुजाताबाई, मी इतकी वर्षं बँकेत काढली. मी नसतो तर काही अडलं असतं का? नाही. या गाण्यात मात्र माझ्यावाचून अडायचं. निवृत्त झालो तेव्हा बँकेने निदान निरोप समारंभ केला. या मुलांनी तेवढंही केलं नाही."

मला ते मनापासून पटलं. आम्ही नुसते ऐकणारे नव्हतो, आम्ही वाजवणारे होतो, आणि आम्हाला न विचारता कामावरून काढलं होतं. मी म्हटलं, "उद्या मी तुमच्या शेजारी उभी असेन."

"शब्द?"

"शब्द."

येरवडा

दुपारी रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "जेलच्या अलीकडे की पलीकडे?" राहुलचा पत्ताच असा आहे की सांगताना लोक एकदा तुमच्याकडे नीट बघून घेतात. माझ्या मांडीवर आईने दिलेला डबा होता. मूगवड्या, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि वरून जुन्या साडीच्या तुकड्याची घट्ट गाठ. भांडण कसलंही असो, खायला पाठवलं की निम्मं मिटतं असं आईचं ठाम मत आहे.

दार उघडून राहुल उभा राहिला. ऑफिसची रात्रपाळी करून आलेला, डोळे सुजलेले. पुण्यात इतकी वर्षं राहून तो अगदी इथल्यासारखा बोलतो, पण मला बघून तोंडातून वर्धाच निघालं.

"काहून आली?"

"आईनं डबा पाठवला."

"कुरिअरनं पाठवायचा ना."

"कुरिअरवाला तुला समजावून सांगू शकत नाही ना, म्हणून मी आली."

"हाव, समजलं," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, खिडकीत वाळत घातलेले दोन शर्ट. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, तो आमच्या वर्ध्याच्या घरातला, बाबांनी त्याला नोकरी लागली तेव्हा दिलेला. त्याने भात लावला, मी मूगवड्यांची भाजी टाकली. तिखट टाकताना तो मागून म्हणाला, "कमी टाक, आता सवय नाही राहिली." मी मुद्दाम नेहमीएवढं टाकलं. तो नाक पुसत दोनदा भात घेऊन जेवला.

जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आले. म्हटलं, हे जे नवीन आहे ना, ते गाणं नाही, मिक्सरमध्ये चटणी चालली आहे. म्हटलं, आपल्या टाळ्या काढून त्यांनी यंत्र बसवलं आणि तू त्यांचीच बाजू घेतोस. म्हटलं, उद्या आमच्याबरोबर हात बांधून उभा राहा, मग पुढच्या ऑक्टोबरात आईबरोबर चल, विषय संपला.

तो ऐकून घेत होता. मग त्याने हेडफोन आणून माझ्या कानावर ठेवले आणि ते नवं 'पत्रा तापला' लावलं. मी हट्टाने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हटलं, "मिक्सर."

"ताई, तू हे कुठं ऐकते?"

"घरी. स्वयंपाक करताना. आई असते, शेजारच्या पोरी असतात."

"मी कॅबमध्ये ऐकतो. सगळे झोपलेले असतात. मग इथं येऊन ऐकतो. जुनं गाणं मी इथं लावून पाहिलं होतं. टाळीची जागा आली की खोलीत काहीच नाही. एकटा माणूस टाळी वाजवत बसला तर कसा दिसते? त्या गाण्याले घोळका लागते. याले नाही लागत."

दर आठवड्याला आई त्याला फोनवर विचारते, जेवला का, झोपला का, आणि तो हाव हाव म्हणतो. तो इथे एकटा आहे हे मला माहीत होतं, पण त्याला ते असं रोज सोसावं लागतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी जास्तच ताठ होते, हा माझा स्वभाव आहे.

"मग वर्ध्याला ये," मी म्हटलं. "गाणं कशाला बदलतोस?"

"गाणं मी नाही बदललं," तो चिडून म्हणाला. "तू उद्या हात बांधून उभी राहणार आहे ना? राहा. पण मग आईले घेऊन जायचं मले सांगू नको. ज्या माणसाचं ऐकायचंच नाही, त्याले सोबत न्यायचं कायले?"

मी डबा रिकामा करून घेतला आणि रिक्षा पकडून स्वारगेटला सकाळी घेतलेल्या लॉजवर परत आले. त्याने थांब म्हटलं नाही, मीही थांबले नाही.

कसबा पेठ

कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून सकाळी कसब्यात गेले. तिथे रिक्षाने जाण्यात अर्थ नसतो, पायीच शिरावं लागतं. तांब्यापितळेच्या कामाची ती गल्ली अजून तशीच ठणठणत होती. घंगाळं, तपेली, देवाचे तांबे, सगळं दुकानाबाहेर मांडलेलं. पूर्वी गच्चीवर गाणं चालायचं आणि खाली ही ठोकाठोक, आणि आम्ही जिन्यात बसून दोन्ही ऐकायचो.

गच्चीखालच्या दुकानात एक बाई बसल्या होत्या. मी विचारलं, "वर अजून सराव होतो का हो?"

"वर आता पाण्याची टाकी आहे. तिचा होतो. रोज वाहते."

"मी सांडगे बँडबद्दल विचारत होते."

"कळलं मला. आपण त्यांच्या कोण?"

"ऐकणारी."

"अस्सं. आम्हीही ऐकणारेच होतो. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं एवढंच." त्यांनी एक तांब्या पुसून ठेवला. "ती मीनल येऊन गेली गेल्या वर्षी. दुपारभर इथे मोबाईल धरून उभी. आमच्या ठोकण्याचा आवाज भरून घेत होती. म्हटलं, बाई, आवाज फुकट आहे, पण तांब्या घेतलास तर बरं दिसेल. घेतला तिने."

मी तिथेच फोन काढला आणि ते गाणं कानाला लावलं. यंत्राचा म्हणून मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होते तो ठोका या गल्लीतल्या हातोडीचा होता. एकदा कळल्यावर स्पष्ट ऐकू येत होता. आता खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण मला रागच आला. म्हणजे हातोड्यांसाठी गाण्यात जागा होती आणि आमच्या हातांसाठी नव्हती.

"आवडलं नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

"त्यांनी असं बदलायला नको होतं."

"हो ना. तुम्हाला वर्ध्याला पत्र टाकून विचारायला हवं होतं." माझ्या बोलण्यावरून विदर्भ आणि पिशवीवरच्या दुकानाच्या पत्त्यावरून वर्धा, हे त्यांनी दोन वाक्यांत ओळखलं होतं. मी एक छोटा तांब्या विकत घेतला, कारण तिथून नुसतं निघून जाण्याची माझी हिंमत झाली नाही.

कार्यक्रम

हॉल छोटा होता आणि गच्च भरला होता. उजवीकडे नवे, बहुतेक कॉलेजातली मुलं, हातात फोन. डावीकडे आम्ही, आपटे काकांच्या मागे ओळीने. मी राहुलला शोधलं. तो उजवीकडे खांबाशी एकटाच उभा होता. त्याचा दुसरा ग्रुप, ज्याच्यासाठी तो आमचा सोडून गेला, त्यातल्या कोणाला तो चेहऱ्याने ओळखतही नसावा.

पहिली काही गाणी आम्ही सभ्यपणे ऐकली. मग हातोडीचा ठोका सुरू झाला. 'पत्रा तापला.' काकांनी हात बांधले, मागोमाग आम्ही सगळ्यांनी. मीनल गात होती आणि मधूनमधून आमच्याकडे बघत होती. तिला कळलं होतं.

मग तिने एक गोष्ट केली जी अल्बममध्ये नाही. टाळ्यांची जागा आली आणि तिने हात पुढे करून यंत्र बंद केलं. हॉल एकदम गप्प झाला. तिने माईक आमच्याकडे धरला. नव्या मुलांना काय करायचं ते माहीत नव्हतं, काही जण नुसतेच ओरडले. ज्यांना माहीत होतं ते आम्ही, हात बांधून उभे. जागा रिकामी गेली. तिने पुढची ओळ उचलली, पण तिचा आवाज हलला.

काका पुटपुटले, "शाबास."

दुसऱ्यांदा जागा आली. पुन्हा यंत्र बंद, पुन्हा माईक पुढे. आणि खांबापासून टाळी आली. एक, दोन. मग लगेच तिसरी, मीनलचा श्वास निम्म्यातच असताना. चुकीची. पुढे उभ्या असलेल्या दोन मुलांनी वळून पाहिलं आणि ती हसली. राहुल मान खाली घालून उभा राहिला.

एकटा माणूस टाळी वाजवत बसला तर कसा दिसते, असं तो काल मला म्हणाला होता. त्याने ती भरल्या हॉलमध्ये वाजवली होती, आणि चुकणार हे माहीत असून वाजवली होती. मी काकांना दिलेला शब्द मला आठवत होता. शब्द मोडणं मला आवडत नाही, शाळेत मी याच कारणासाठी बदनाम आहे. पण माझ्या भावाला त्या पोरांनी हसावं आणि मी हात बांधून बघावं, हे काही मला जमणार नव्हतं.

"माफ करा काका," मी म्हटलं आणि निघाले. रांगेसमोरून, लोकांच्या पायांवर पाय देत, सॉरी सॉरी म्हणत. एका मुलाचा फोन माझ्या पर्सला लागून खाली पडला. तिसऱ्यांदा जागा आली तेव्हा मी खांबापाशी पोचले होते. यंत्र थांबलं. राहुलने दोन टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि मी त्याचं मनगट पकडलं. त्याने दचकून पाहिलं. त्याच्या हाताला ओढ होतीच, नेहमीसारखी. मी घट्ट धरून ठेवलं. मीनलने श्वास घेतला, पूर्ण घेतला, आणि मी हात सोडला.

टाळी बरोबर पडली. मीनल गाता गाता हसली. शेवटच्या फेरीला आजूबाजूच्या मुलांना खूण कळली होती, त्यांनीही वाजवली, थोडी मागेपुढे. डावीकडून काहीच आलं नाही. आपटे काकांचे हात शेवटपर्यंत बांधलेले होते, आणि त्यांचंही मला बरोबरच वाटलं.

पुन्हा येरवडा

दुसऱ्या दिवशी राहुलकडे सकाळी पोहे झाले. मी तर्री केली. तो पुन्हा नाक पुसत जेवला आणि म्हणाला, "मग? आवडलं ना आता?"

"नाही. मला अजिबात नाही आवडलं. मिक्सरच आहे."

"अन् टाळी?"

"टाळी माझी आहे. ती आवडली."

तेवढ्यात आपटे काकांचा फोन आला. "आपण फुटलात," ते म्हणाले.

"हो."

"नियमाप्रमाणे आपल्याला ग्रुपमधून काढावं लागेल. मनाला लावून घेऊ नका."

"नाही लावून घेणार."

"तिसरी टाळी मात्र जागच्या जागी पडली हो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. राहुलने त्याच्या ग्रुपमध्ये मला घ्यायची तयारी दाखवली, पण मी नको म्हटलं. जे गाणं आवडत नाही त्याच्या ग्रुपात कशाला बसायचं?

परतीची बस मी येरवड्याहूनच पकडली. राहुल पिशवी घेऊन आला होता. रिकाम्या डब्यात त्याने आईसाठी बाकरवडी भरली होती आणि वर तीच साडीच्या तुकड्याची गाठ मारली होती.

"ऑक्टोबरात?" मी विचारलं.

"येतो. आईले सांग."

"तूच सांग. आता रोज फोन करशील ना?"

"हाव, करतो बाप्पा, रोज करतो."

मी चढले, खिडकीशी बसले. बस एसीची, काच उघडत नाही. खाली फुटपाथवर रिक्षांच्या आणि माणसांच्या मध्ये उभा राहून त्याने माझ्याकडे बघत टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एक, दोन. मी काचेवर तळवा टेकवून त्याला थांब म्हटलं. आवाज आत येत नव्हता, पण तो घाई करतोय हे मला दिसत होतं.